ऐंशीचा शर्ट सापडला, दहाचा सापडेना : २०१० ते २०१९ या मराठी दशकाला स्वतःचा चेहरा आहे का?

जुनी पेटी

भाचीच्या कॉलेजात 'डेज' चालू आहेत. यंदा एक दिवस दशकांचा. प्रत्येक ग्रुपने चिठ्ठी उचलायची, त्यात येईल त्या दशकाचे कपडे घालायचे, वस्तू आणायच्या आणि पाच मिनिटं काहीतरी करून दाखवायचं. ऐंशीवाल्यांचं काम चहा संपायच्या आत झालं : ढगळ शर्ट, कपाळावर केस, लक्ष्मीकांत बेर्डे. नव्वदवाल्यांना कॅसेट आणि ती गुंडाळायला पेन्सिल मिळाली. भाचीच्या चिठ्ठीत निघालं २०१० ते २०१९. लगेच मला फोन. "मामा, तेव्हा तुम्ही लोक काय घालायचात?" मी म्हटलं, जीन्स. "आणि?" टी-शर्ट. मग दोघंही गप्प.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. म्हणून हा धागा काढलाय. माझं म्हणणं मांडतो, खुशाल फाडा. या दशकाकडे स्वतःचं काही नव्हतं, ते आठवणींवर जगलं. २०११ ला बालगंधर्व, २०१५ ला लोकमान्य, २०१८ च्या दिवाळीत काशिनाथ घाणेकर आणि २०१९ उजाडल्या उजाडल्या पु. ल., तेही दोन भागांत. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'कट्यार' आणि १ जानेवारी २०१६ ला 'नटसम्राट' : १९६७ आणि १९७० च्या नाटकांवरचे सिनेमे दोन महिन्यांच्या आत, आणि लोकांनी दोन्ही डोक्यावर घेतले. बरं, तरुणांचे म्हणून गाजले ते कोणते? 'दुनियादारी' (२०१३) आणि 'टाइमपास' (२०१४). एकातले तरुण सत्तरच्या दशकातले, दुसऱ्यातले नव्वदच्या. २०१३ साली वीस वर्षांच्या असलेल्या मुलाची गोष्ट कुठे होती? आपण एकमेकांना पाठवत होतो ती मीम्ससुद्धा 'अशी ही बनवाबनवी'ची.

फोडणीचा भात मलाही आवडतो. पण भात कालचा असतो.

('सैराट' सोडून बोला. एका सिनेमाने दशक होत नाही.)

हलगी

'सैराट सोडून बोला' म्हणजे गणपती सोडून भाद्रपदावर बोला म्हणण्यासारखं झालं राव.

मी करमाळ्याच्या बाजूचा. आमची भाषा सिनेमात आधीपण होती, नाही असं नाही. पण ती कुणाच्या तोंडी? गडी, हवालदार, पाटलाचा चमचा. हिरो कुठल्याही गावचा असू दे, प्रेमात पडला की पुस्तकातलं बोलायचा. फेब्रुवारी २०१४ ला 'फँड्री' आला. त्यातल्या घरात कैकाडी बोलतात. सिनेमाचं नावच कैकाडी, अर्थ डुक्कर. पुण्यामुंबईची माणसं तिकिटाच्या खिडकीवर त्या शब्दाचा अर्थ एकमेकाला विचारत होती. मराठी सिनेमाच्या नावाचा अर्थ मराठी माणसाला विचारावा लागला, असं त्याआधी कधी झालं होतं सांगा.

मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट'. पोरगी बुलेट चालवती, ट्रॅक्टर चालवती, आणि आम्ही घरात बोलतो तसं बोलती. तेपण प्रेमात असताना! मराठी सिनेमाच्या तोंडी १०० कोटींची भाषा पहिल्यांदा आली ती ह्याच सिनेमानं. गाण्यांसाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन तिकडच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन आले, आणि तरी लग्नात डॉल्बीवर लोक नाचले ते 'झिंगाट'च्या ठेक्यावर. कन्नडमध्ये सिनेमा परत केला, हिंदीत केला, भाषा बदलली, माणसं बदलली, चाल बदलायची हिंमत कुणाची झाली नाही.

आणि एकटा सैराट नाही. २०१६ सालीच टीव्हीवर 'रात्रीस खेळ चाले' मालवणीत, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरीत. पुढच्या वर्षी 'लागिरं झालं जी', सातारी. रात्री साडेसात-आठला दिवाणखान्यात जी मराठी वाजायची ती त्या दशकात बदलली. तुमच्या भाचीला कपडे सापडत नसतील, कारण ह्या दशकाचा चेहरा अंगावर नव्हता, तोंडात होता.

वऱ्हाडी ठेचा

हलगीभाऊ, सिनेमाचं मान्य. मालिकांचं नाही.

आमच्या वाट्याला आली 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका. नागपूरची. आमच्याकडे 'करून राहिली', 'जाऊन राहिली' म्हणतात, पण दर वाक्याला नाही ना बाप्पा! माझी आई पहिले दोन आठवडे कौतुकानं पाहत होती. तिसऱ्या आठवड्यात म्हणे, "हे बाई आपल्यासारखी बोलते का आपली नक्कल करते?" तिनं मसाल्याचा धंदा कुठल्या कुठे नेला, तरी लेखकानं तिच्या तोंडचं 'राहिली' काही कमी होऊ दिलं नाही. बोली म्हणजे नऊवारीसारखी नेसवलेली. भोळी माणसं बोलीत बोलणार आणि कारस्थानी बाई स्वच्छ शहरी. हा चेहरा आहे का मुखवटा, तुम्हीच सांगा.

तिसरी घंटा

जुनी पेटी, तुमचा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण तो तुमच्याच लाडक्या ऐंशीवर उलटतो.

'धूमधडाका' (१९८५) ज्या तमिळ चित्रपटावरून आला तो १९६४ चा. ज्याची मीम्स तुम्ही पाठवत होता तो 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हिंदीतल्या 'बीवी और मकान'वरून, आणि तो १९६६ चा. 'माहेरची साडी' (१९९१) मूळची राजस्थानी. म्हणजे दुसऱ्याचा माल उचलला तर ते दशक अस्सल, आणि आपलंच नाटक पुन्हा पडद्यावर आणलं तर ते शिळं? कपडा कुठून आणला यावरून चेहरा ठरत नाही हो. तो कोणी घातला आणि कसा मिरवला हे बघायचं.

आता त्या आठवणींच्या लाटेबद्दल. तिच्यामागे हळवेपणा कमी, हिशेब जास्त होता. मल्टिप्लेक्सचं तिकीट महाग. चार जणांचं कुटुंब मराठी सिनेमाला आणायचं तर घरातल्या पन्नाशीच्या माणसाने 'चला' म्हणायला हवं, आणि तो 'चला' म्हणतो ते ओळखीच्या नावाला. वाहिनीलाही तेच नाव विकायला सोपं. त्यात पडदे मिळायची मारामार. एप्रिल २०१५ मध्ये सरकारला सांगावं लागलं की मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी ६ ते ९ मध्ये मराठी सिनेमा दाखवावा. आरडाओरडा झाल्यावर ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. अशा वाऱ्यात निर्माता 'नटसम्राट'च्या आसऱ्याला गेला तर त्याला नावं काय ठेवायची?

आणि त्याच एप्रिलमध्ये 'कोर्ट' लागला होता, हे तुमच्या यादीत का नाही? त्यातली सरकारी वकील बाई दिवसभर एका लोकशाहिरावर खटला चालवते, आणि सुट्टीत कुटुंबाला घेऊन नाटकाला जाते. नाटक कसलं, तर परप्रांतीयांना हाकलणारं, आणि सगळं थिएटर टाळ्या पिटतंय. मला त्या प्रसंगात मी बसलेली दिसले. यापेक्षा आरसा तो काय दाखवायचा?

एक हिशेब देते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीला पहिल्यांदा मिळालं 'श्यामची आई'ला. पुढचं पन्नास वर्षांनी, 'श्वास'ला. आणि या तुमच्या बिनचेहऱ्याच्या दशकात तीन : 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'.

निशाचर

चेहरा होता. फिल्टर लावलेला होता.

जुनी पेटी

@तिसरी घंटा, बनवाबनवीचा मुद्दा लागला. पुरता लागला. मागे घेतो.

पण सुवर्णकमळं मोजू नका. ती परीक्षक देतात. 'कासव' मलाही आवडला, पण माझ्या ऑफिसात तो पाहिलेली माणसं एका हाताच्या बोटांवर, त्यातही अंगठा उरेल. मी लोकप्रिय संस्कृतीबद्दल विचारतोय. पानवाल्याच्या दुकानात काय वाजत होतं, पोरं कशावर हसत होती, हे.

@हलगी, "तोंडात होता" हे मात्र डोक्यात बसलंय. उत्तर शोधतोय.

पॉवरबँक

तुम्ही सगळे सिनेमा सिनेमा करताय म्हणून सापडत नाहीये.

मी २०१० ला आठवीत होतो आणि २०१९ ला नोकरीला. म्हणजे हे दशक माझं, तुमचं नाही, माफ करा. यात एकच तारीख महत्त्वाची : सप्टेंबर २०१६, जिओ. त्याआधी १ जीबी महिनाभर पुरवायचा, व्हिडिओ आला की आधी साइज बघायची. त्यानंतर घरात चार माणसं, चार कोपरे, चार पडदे. 'सैराट' त्याच्या चार महिने आधी आला. माझी आजी, बाबा आणि मी, तिघांनी एकाच आठवड्यात पाहिलेला तो शेवटचा सिनेमा. तो इतका मोठा का वाटतो? चांगला होता हे खरंच, पण सगळ्यांनी एकत्र पाहायची सवय मोडायच्या आत आला हेही खरं.

पुढचं बघा. २०१६ ला यूट्यूबवर 'भाडिपा' आलं. आई-मुलातलं रोजचं घरगुती भांडण पडद्यावर, आणि तेही पाच-सात मिनिटांत. २०१७ च्या पावसाळ्यात 'सोनू'ची चाल. कुठून आली हे आमच्या ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीगल्लीत पोरं गोल करून म्हणत होती. एका रेडिओ निवेदिकेने त्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांचं गाणं केलं, आणि तिच्या आईच्या घरी महापालिकेची डेंग्यूच्या डासांबद्दल नोटीस पोचली! जुनी पेटी, हे १९८५ ला होऊ शकलं असतं? चाल कुणाची माहीत नाही, शब्द ज्याचे त्याचे, आणि महापालिका त्यावर उत्तर देतेय. याहून वेगळा चेहरा कसला हवा?

आणि मग टिकटॉक. तिथे काय होतं हे या धाग्यावरच्या निम्म्या लोकांनी नाक मुरडून पाहिलंच नाही. शेतात पाणी धरताना केलेले, एसटी स्टँडवर केलेले, सासू-सुनेने मिळून केलेले व्हिडिओ. माझ्या मावशीचे तिच्या तालुक्यात ओळखणारे लोक होते. २९ जून २०२० ला बंदी आली आणि काही दिवसांत सगळं गायब. तिने काहीच उतरवून ठेवलं नव्हतं. ऐंशीच्या सिनेमांच्या कॅसेट राहिल्या, सीडी झाल्या, यूट्यूबवर आल्या. आमच्या दशकातला मोठा भाग एका सरकारी आदेशाने पुसला गेला आणि आता तुम्ही विचारताय, चेहरा कुठाय.

वऱ्हाडी ठेचा

पॉवरबँक, हे पटलं. टिकटॉकवर आमचं वऱ्हाडी बोलणारे पोट्टे होते ना, ते खरे बोलायचे. त्यायले कोणी संवाद लिहून देत नव्हतं.

जुनी पेटी

मावशीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण वाद म्हणून विचारतो : फोटोच जळाला तर पुढच्यांनी चेहरा ओळखायचा कसा? भाचीने तरी काय घालायचं?

आणि चार कोपरे, चार पडदे असतील तर तो चार जणांचा चेहरा झाला. दशकाचा कुठे?

एडिसनची पुरणपोळी

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत, त्यामुळे दुरून दिसतं ते सांगते. मी इथे आले तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीत सीडी प्लेअर असायचा, आणि बॅटरी संपली की आरती. या दशकाच्या शेवटी माझ्या गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा नव्हती, कारण तिथे ढोल होते. पुण्याहून मागवलेले. शनिवारी पार्किंग लॉटमध्ये सराव, शेजारच्या आजोबांची तक्रार, मग त्यांनाच झांजा दिल्या.

ढोल-ताशा पथकं ही या दशकाची खरी वस्तू आहे. पांढरा कुर्ता, फेटा, नथ, चंद्रकोर. पुण्यात भाद्रपदाआधी दोन महिने नदीकाठी संध्याकाळी उभं राहून बघा.

जुनी पेटी

ताई, पण हेही जुनंच की! पथकं पुण्यात किती आधीपासून आहेत. डोंबिवलीची पाडव्याची शोभायात्रासुद्धा १९९९ ची.

एडिसनची पुरणपोळी

ढोल जुनाच. माझ्या आईच्या कमरेला तो कधी बांधला गेला नव्हता. पथकात आज निम्म्या मुली असतात, हे तुम्ही कॉलेजात असताना पाहिलं होतंत का?

तिसरी घंटा

मुलींचं मान्य. पण लक्ष्मी रोडवर राहणाऱ्या माणसाला या चेहऱ्याबद्दल विचारू नका. दाराला कडी लावूनही तो आत येतो.

हलगी

फेटा-नथीचा चेहरा पुण्याचा हो. आमच्यात हलगी आहे, ती मिरवायला कुर्ता लागत नाही.

जुनी पेटी

आजच्या कार्यक्रमाची बातमी देतो आणि झोपतो.

धागा भाचीला पाठवला होता. ग्रुपने सगळ्यांचं थोडं थोडं उचललं. पांढरे कुर्ते, दोघींना नथ, चंद्रकोर, एकाच्या गळ्यात भाड्याने आणलेली हलगी, एकाच्या हातात सेल्फी स्टिक (ती मात्र माझ्या कपाटात निघाली, २०१५ ची). 'झिंगाट'वर एन्ट्री, मध्ये अर्धं मिनिट 'सोनू' बसवलेली, शेवटी सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून उभे आणि दिवे बंद. भाचीला फार आवडलं होतं ते.

टाळ्या बऱ्या पडल्या म्हणे. खाली उतरल्यावर परीक्षक बाईंनी तिला जवळ बोलावलं, नखशिखांत पाहिलं आणि हळूच विचारलं, "अगं, ट्रॅडिशनल डे उद्या आहे ना?"