पहिल्यांदाच ख्रिस्ती साहित्य संमेलनाला जातेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वसईची, येत्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाला पहिल्यांदाच चाललेय, एकटीच. नावनोंदणी आणि राहायची सोय झालीय, अडलंय ते कविसंमेलनापाशी. आजीच्या लाल लुगड्यावरची माझी एक कविता पूर्ण कादोडीत, म्हणजे आमच्या वसईकडच्या बोलीत आहे आणि तीच मला वाचायचीय, कारण मराठीत केली की तिचा सूरच जातो, दोनदा करून बघितलं. पत्रिकेवरच्या नंबरवर फोन केला तर म्हणाले इथे आल्यावर बघू, आमच्या फादरांना विचारलं तर ते स्वतः कधी गेलेले नाहीत. १९३३ ला नागपूरच्या संमेलनात लक्ष्मीबाई टिळक अध्यक्ष होत्या, त्यांची भाषा किती घरातली, म्हणून वाटतं बोलीलाही तिथे जागा असेलच. पुस्तक वगैरे नाही माझं, वहीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच निघावं लागेल, सोमवारी ड्युटी आहे. जे आधी गेलेत त्यांनी प्लीज सांगा, नवख्यांना साधारण किती मिनिटं मिळतात, नाव पहिल्या दिवशी सकाळीच द्यायचं का, आणि कादोडी कविता वाचताना आधी मराठीत अर्थ सांगावा की सरळ वाचायलाच घ्यावी?