दुहेरी तक्ता: लेकरं चुकीचा निष्कर्ष काढतात, मदत हवी आहे

खडू_डस्टर: उद्या चौथ्या तासाला हेच परत घ्यायचंय, म्हणून जरा लवकर सांगा. वेळेवर किती, उशिरा किती, हा तक्ता लेकरांकडूनच भरून घेतला. बेरजा बरोबर. पण काय दिसतं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात, "पायी येणारेच जास्त उशिरा!" तीन दिवस झाले, पटवता येईना.

गोदाकाठ: पायी येणारे आणि दुसरे कोण? वर्ग कितवीचा? आकडे टाका की सर.

खडू_डस्टर: दुसरे एसटीनं येणारे, अजून कोण! आठवी. पायी 40, त्यातले 12 उशिरा. एसटीचे 10, त्यातले 6 उशिरा.

पिव्होट_पाटील: एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावा, टक्के आपोआप येतात. आमच्या ऑफिसात सगळं त्यावरच चालतं.

गोदाकाठ: पाटील, तक्ता करायची अडचण नाही, वाचायची आहे.

तुरीची_शेंग: मध्यक काढताना आधी संचित वारंवारता लिहून घ्यायची, मग चुकत नाही.

खडू_डस्टर: मध्यक कुठून आलं मधेच? पायी आणि एसटी यांचं मध्यक काय, सायकल का?

सिग्मा_नांदेड: काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी लावा. फरक खरा की योगायोग, ते कळेल.

गोदाकाठ: आठवीला? आणि 'एसटी, उशिरा' या घराची अपेक्षित वारंवारता, म्हणजे पायी-एसटीत फरकच नसता तर आला असता तो आकडा, 10 × 18 ÷ 50, म्हणजे 3.6. पाचाच्या खाली गेला की ही चाचणी भरवशाची नाही म्हणतात.

सिग्मा_नांदेड: पाचाचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही.

पाटीवरची_मॅडम: तुमचं चालू द्या. सर, राग मानू नका, पण लेकरं चुकलेली नाहीत, तुमचा प्रश्न ढिला आहे. उशिरा आलेल्या 18 पैकी 12 पायी, म्हणजे 67 टक्के. हे लेकरं सांगतायत. तुम्हाला हवंय ते पायी येणाऱ्या 40 पैकी 12, म्हणजे 30 टक्के, आणि एसटीच्या 10 पैकी 6, म्हणजे 60. दोन्ही हिशेब खरे, भागायचं कशानं ते वेगळं. मी मैदानात फक्कीनं चार घरं आखते आणि लेकरांनाच त्यात उभं करते. मग एका बाजूची, म्हणजे पायीची किंवा एसटीची, दोन्ही घरं मिळून दोरीनं वेढायची. दोरीच्या आत जेवढे, तेवढ्यानंच भागायचं. 'पैकी' शब्द नसलेलं वाक्य मी फळ्यावर लिहूच देत नाही.

पिव्होट_पाटील: रो टक्केवारी निवडली की हेच येतं.

मॅडमचा_विद्यार्थी: शतमान स्तंभालेख काढा ना सर. दोन्ही खांब सारख्या उंचीचे, एसटीच्या खांबात उशिराचा भाग दुप्पट दिसतो.

गोदाकाठ: पण एसटीमुळे उशीर होतो असं लगेच म्हणू नका. गाडीनं येणारे वाडी-तांड्यावरचे असतील, अंतराचा वेगळा तक्ता करून बघा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा 1973 चा दाखला आहेच: अर्ज केलेल्या मुलांपैकी 44 टक्क्यांना प्रवेश, मुलींपैकी 35. विभागवार पाहिलं तर मुलींवरचा तो अन्याय बहुतेक विरला, कारण मुलींचे अर्ज जास्त होते त्या विभागांत प्रवेश मिळणंच अवघड.

तुरीची_शेंग: आमच्याकडची गाडी कधी पावणेदहाला, कधी साडेदहाला. तक्ता आगारात पाठवा!

खडू_डस्टर: मॅडम, आज दोरी केली. एसटीची पोरगी दोरीतूनच ओरडली, "सर, आमी दहाच हाव, त्यातले सहा!" आता पायी येणारे भांडायलेत, सायकलवाल्यांना कोणत्या घरात धरलं म्हणून. ते मी पायीतच मोजले होते.