परवान्याचा प्रयोग होऊन गेलाय

डॉक्टर-वकिलांसारखा प्रोग्रामरलाही परवाना असावा, असं काही जण म्हणतात. अमेरिकेत तो प्रयोग झालाय. टेक्सासने 1998 मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला परवान्याची शाखा म्हणून मान्यता दिली. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने परवान्याला विरोध केला. पुढे 2013 मध्ये परवान्यासाठी स्वतंत्र परीक्षाही आली. पण बसायला फारसं कोणी येईना, म्हणून 2019 मध्ये ती गुंडाळली.

मग प्रोग्रामरची पात्रता ओळखायला उरतं काय? लोकांनी दिलेला मान. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर लोकांच्या मतांतून गुण मिळतात. 2000 गुण झाले की दुसऱ्याचं उत्तर थेट दुरुस्त करता येतं, म्हणजे गुणांमागे अधिकारही आहे. फक्त तिथे गिटमधली (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली) शेवटची कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, कशी मागे घ्यायची, या प्रश्नावर मतांचा पाऊस पडतो आणि थ्रेडच्या (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) गुंत्यावर रात्र घालवून लिहिलेल्या उत्तराला दोन मतं मिळतात. (हो, ते उत्तर माझंच होतं!)

मला लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, पद्धत जास्त पटते. तिथे पॅचखाली (कोडमध्ये सुचवलेल्या बदलाखाली) 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून तपासणाऱ्याचं नाव लागतं आणि ते इतिहासात कायम राहतं. चूक निघाली की कोणी तपासलं होतं हे सगळ्यांना दिसतं. मुलाखत घेताना मी प्रमाणपत्रांच्या यादीवरून नुसती नजर फिरवतो. उमेदवाराने दुसऱ्याच्या कोडवर काय शेरे मारलेत आणि स्वतःवरची टीका कशी घेतली, हे मात्र सावकाश वाचतो.