प्रतिसाद: आल्प्समध्ये माउंटन बाइकिंगला कधी जावं?

आल्प्समध्ये माउंटन बाइकिंगला जून, ऑगस्ट की सप्टेंबरमध्ये जावं, असं तुम्ही विचारलंय. फ्रान्समधल्या मोर्झिन आणि ले जे या डोंगरी गावांच्या भागात बरीच सायकल चालवली आहे, त्यावरून मी जूनचा शेवट सांगेन. ऑगस्टपर्यंत प्रत्येक वळणाआधी ब्रेक लागून लागून जमिनीवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा तयार होतात. सायकलसकट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टने दिवसभर वर जाऊन त्यावरून खाली उतरलात की संध्याकाळी हँडलवरची बोटं सरळ होत नाहीत. सप्टेंबरमध्ये गर्दी कमी असते, पण लिफ्ट बंद होण्याच्या तारखा आधी बघा.

ब्रेककडे मात्र मनापासून लक्ष द्या. सह्याद्रीत चालणारे ऑरगॅनिक (धातूऐवजी राळ आणि तंतूंचे) ब्रेक पॅड इथल्या लांब उतारावर तापून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. मेटलचे पॅड लावा, एक जोडी जवळ ठेवा. ब्रेक धरून ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, चाकावरच्या ब्रेकच्या डिस्कला थंड होऊ द्या.

आणि ले जेला जाच! २०२२ ची माउंटन बाइकिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाली होती. स्वित्झर्लंडच्या बाजूला शाँपेरी गावाचा डाउनहिल (डोंगरावरून खाली उतरण्याच्या शर्यतीचा) ट्रॅक आहे, अतिशय उभा. पावसात तिथली मुळं इतकी निसरडी होतात की नवख्यांनी कोरड्या दिवसाचीच वाट बघावी.