मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचा आवाज मधूनच गायब होतो

कासव_७
आवाज मधूनच जातो आणि आपोआप परत येतो. कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने. बाकी लॅपटॉप ठणठणीत आहे. ड्रायव्हर वगैरे सगळं करून झालंय. उद्या ऑनलाइन मुलाखत आहे, प्लीज लवकर सांगा.

सोल्डरगन
सगळं म्हणजे नेमकं काय? विंडोज कुठलं? आवाज एकदम बंद पडतो की खरखरत तुटतो? हेडफोनवरही जातो का? एवढं कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे होईल.

पेंग्विनप्रेमी
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. लिनक्स मिंट टाका (विंडोजऐवजी चालणारी मोफत ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम), जुन्या मशीनवर हलकं चालतं.

सोल्डरगन
मुलाखत उद्या आहे आणि आज ओएस बदलायची? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. फार तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉल न करता. तिथेही आवाज गेला तर विंडोज सुटलं, बिघाड हार्डवेअरमध्ये.

कासव_७
विंडोज १०. खरखर नाही, एकदम शांत. हेडफोनवर व्यवस्थित येतो, दिवसभर तेच लावलेले असतात. काढले की स्पीकरचा हा ताप. लॅपटॉप जरा उचलला की कधीकधी येतो.

सोल्डरगन
उचलल्यावर येतो हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! संशय हेडफोनच्या जॅकवर. त्यात पिन आत गेली की हलणारी एक छोटी पत्ती असते, तिच्यावरून लॅपटॉपला कळतं की हेडफोन लागले. सतत वापराने ती सैल पडते किंवा टोकावर काळपट थर चढतो. मग जॅक रिकामा असूनही लॅपटॉप हेडफोन आहेत असं धरून स्पीकर बंद ठेवतो. आवाज गेला की टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर माउस न्या. तिथे हेडफोन असं नाव दिसलं तर चोर सापडला. काही मशीनवर दोन्हींचं मिळून एकच नाव असतं, तिथे ही खूण चालत नाही.

डीबीमीटर
इतकी घाई नको. आधी व्हॉल्यूम मिक्सर उघडा. आवाज गेलेला असताना हिरवी पट्टी हलत असेल तर विंडोज आवाज पाठवतंय, बिघाड पुढे आहे. पट्टी मेलेली असेल तर सर्व्हिसेसमध्ये विंडोज ऑडिओ रीस्टार्ट करा. वायफायच्या ड्रायव्हरमुळे लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) वाढूनही आवाज अडखळतो, ती मोजणारा लेटन्सीमॉन प्रोग्रॅम १० मिनिटं चालवा.

सोल्डरगन
लेटन्सीने आवाज तुटक होतो, अर्धा तास शांतता होत नाही. आणि तसं असतं तर हेडफोनवरही झालं असतं. मिक्सरचं मात्र बरोबर.

मंद्रसप्तक
आवाज लहान येत असेल तर एन्हान्समेंट्समध्ये लाउडनेस इक्वलायझेशन चालू करा. खूप फरक पडतो.

कासव_७
लहान नाही, येतच नाही. मिक्सरमध्ये पट्टी हलतेय आणि चिन्हावर हेडफोन दिसतंय. आता? सॅनिटायझर ओतू का जॅकमध्ये?

सोल्डरगन
अजिबात नको. त्यात पाणी असतं, बऱ्याचदा ग्लिसरीनही, आत चिकट थर राहील. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. जुन्या हेडफोनच्या ३.५ मिमी पिनेला दोनच थेंब लावा, जॅकमध्ये ओतू नका. पिन गोल फिरवत १५-२० वेळा आत-बाहेर करा, मग अर्धा तास सुकू द्या. कापसाची काडी घालू नका, तंतू आत अडकतात. अल्कोहोल नसेल तर कोरड्या पिनेनेही थर थोडा खरवडला जातो.

डीबीमीटर
आणि उद्यासाठी यूएसबी हेडसेट हाताशी ठेवा. त्यात स्वतःची साउंड चिप असते, जॅकचा संबंधच येत नाही. सेटिंग्जमध्ये आउटपुट आणि इनपुट दोन्ही त्यावर करा, नाहीतर माइक आतलाच राहतो.

पेंग्विनप्रेमी
मुलाखत झाली की मिंटचा विचार जरूर करा.

कासव_७
कोरड्या पिनेनेच २० वेळा केलं. आता स्पीकर दिसतंय, उचलून हलवलं तरी जात नाही. टिकेल का हे?

सोल्डरगन
थर असेल तर बरेच दिवस टिकेल. पत्ती सैल असेल तर काही दिवसांत परत येईल, मग जॅक बदलावा लागेल. काही मॉडेलमध्ये तो रिबन केबलने जोडलेल्या वेगळ्या छोट्या बोर्डवर असतो, ते सोपं. मदरबोर्डवर सोल्डर केलेला असेल तर कारागिराकडेच द्या. मॉडेल नंबर काय?

कासव_७
खाली स्टिकर होता, पुसलाय. आणि माइकमधून घूं असा आवाज येतोय, तोही जॅकमुळेच का?

डीबीमीटर
कुठला माइक, आतला की हेडफोनवरचा? चार्जर काढल्यावर थांबतो का?