मानेवाडा चौकातला अपघात: गाडीमालक पन्नास हजारांत मिटवू म्हणतो, दावा टाकावा का?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. अर्धवट लिहिलं तर तुम्हीच उलट दहा गोष्टी विचाराल, म्हणून सगळंच लिहितो.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी मी आणि मिसेस स्कूटरवर बेसा रोडने घरी येत होतो. मानेवाडा चौकात सिग्नल सुटला, मी उजवीकडे वळत होतो, तेवढ्यात मागून भाजीच्या क्रेटांनी भरलेला छोटा हत्ती आला आणि त्याने आम्हाला उडवलं. मला नुसतं खरचटलं. ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं, कोपराजवळही फ्रॅक्चर. आधी मेडिकलला नेलं, एमएलसी (पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद) तिथेच झाली. मग एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन, प्लेट आणि स्क्रू. बिल १,८५,००० झालं, त्यातले बरेचसे मेडिक्लेमने दिले.

ती घरी डबे करते. मेडिकल चौक आणि हनुमाननगरात रूम करून राहणारी पोरं, काही नोकरीवाले, असे चाळीसेक डबे होते. पोळ्या सगळ्या तिच्या हातच्या. आता लाटणं धरलं की मनगट वळत नाही आणि भाजीचा गंज (पातेलं) दोन हातांनीही उचलवत नाही. पोळ्यांना बाई लावली, तिला महिन्याला ९,००० देतो. डबे निम्म्यावर आलेत, कारण चव बदलली असं पोरं तोंडावर सांगतात.

एफआयआर झाला आहे. गाडीचा विमा चालू आहे. मालक कळमन्याला माल आणतो. तो घरी येऊन म्हणाला, "दादा, कोर्टात दहा वर्षं जातील. पन्नास हजार घ्या, स्टॅम्पपेपरवर तक्रार नाही म्हणून लिहून द्या." विमा कंपनीचा तपासनीसही येऊन गेला. तो म्हणतो वळताना इंडिकेटर नव्हता म्हणजे तुमचीही चूक, आणि ड्रायव्हरकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स नाही म्हणून कंपनी तसंही देणार नाही.

मिसेस चाळीसला काही महिने कमी आहे. आयटीआर कधी भरला नाही. ती म्हणते, जीव वाचला, हाडाचे पैसे काय मागायचे. मला पटत नाही. काय करावं?

बिट्टू_खामला

भाऊ, घेऊन टाका. माझ्या मामाची केस किती वर्षांपासून चालून राहिली, तारीख पे तारीख. हातात आलेले पन्नास हजार खरे. काहून डोक्याला ताप करून घेता?

क्लेमवाले_काका

बिट्टू, मामाची केस का रखडली हे आधी विचारून ये, मग सल्ला दे.

मानेवाडाकर, मी नोकरीची सगळी वर्षं एका विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागात काढली, म्हणजे गाडीने दुसऱ्या कोणाला लागलं तर त्याचे दावे जिथे येतात तिथे. म्हणजे तुमच्या विरोधात उभी राहणारी बाजू. आता निवृत्त आहे, त्रिमूर्तीनगरात सकाळी फिरतो आणि इथे भांडतो. तर आतलं सांगतो.

दाव्याची फाइल टेबलावर आली की एक्स-रे आम्ही सगळ्यात शेवटी बघायचो. आधी बघायचो कमाईचा पुरावा. हाड मोडलं यावर वाद घालायला जागाच नसते, फोटोत दिसतं. वाद असतो तो हाताने काय काम होत होतं आणि आता काय होत नाही यावर. वहिनी "हाडाचे पैसे" म्हणतात ना, हाड मोडल्याचे, दुखण्याचे मिळतात, पण ती रक्कम बारकी असते. मोठा आकडा पोळ्यांचा आहे.

सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात हे नीट मांडून ठेवलं आहे. डॉक्टर सांगतो ते शरीराचं अपंगत्व. कमाईची क्षमता किती गेली ते ट्रिब्युनलने, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, वेगळं ठरवायचं. त्या निकालातलं उदाहरणच आहे: डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. वहिनींचं मनगट हा त्यांचा धंदा आहे. सर्टिफिकेटवर १८ टक्के आले तरी पोळ्या करणाऱ्या बाईचं कमाईचं नुकसान त्याहून जास्त आहे असं तुमच्या वकिलाने मागितलंच पाहिजे. कितीतरी वकील सर्टिफिकेटचाच आकडा उचलून अर्जात घालतात.

आता हिशेब. समजा महिन्याची निव्वळ कमाई १५,००० सिद्ध झाली. वर्षाचे १,८०,०००. चाळीसच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं. झाले २,५२,०००. वय ३६ ते ४० असेल तर गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. झाले ३७,८०,०००. त्याचे १८ टक्के म्हणजे ६,८०,४००. कमाईचं नुकसान २५ टक्के मानलं तर ९,४५,०००. दवाखाना, वेदना, बाईचा पगार, बसून काढलेले महिने हे सगळं वर. आणि त्यावर व्याज. या शेजारी मालकाचे पन्नास हजार ठेवून बघा.

एक गोष्ट लगेच तपासा. वहिनींची जन्मतारीख आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे का? चाळीस ओलांडली की ४० टक्क्यांचे २५ होतात. वय अपघाताच्या दिवशीचं धरतात. तारखांत फरक असला तर समोरचा वकील त्यातच घुसेल. मीच किती फायलींत घुसवला असेल.

अॅडव्होकेट_सिव्हिल_लाइन्स

काकांनी रकमेचं सांगितलं, मी दाव्याचं सांगते.

मुदत पहिली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नका. अपंगत्वाचं सर्टिफिकेट यायचं म्हणून लोक थांबतात आणि तिथेच फसतात. हाड पूर्ण जुळल्याशिवाय डॉक्टर टक्का देत नाहीत, त्यात सहा महिने सहज जातात. अर्ज आधी टाका, सर्टिफिकेट पुराव्याच्या वेळी द्या.

कलम १६४ चा अर्धवट सल्ला कोणीतरी देईलच. त्यात चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला २.५ लाख मिळतात आणि फ्रॅक्चर कायद्याने गंभीर दुखापतच आहे. पण कंपनीने कलम १४९ च्या तडजोडीत देऊ केलेले हे पैसे एकदा स्वीकारले की ट्रिब्युनलमधला दावा तिथेच संपतो. तुमचा हिशेब ६-७ लाखांच्या वर जात असेल तर सही करण्याआधी दोनदा विचार करा.

इंडिकेटरचं. तुमची चूक थोडीफार मानली गेली तरी ती तुमची, मागे बसलेल्या मिसेसची नाही. दोन गाड्यांच्या चुकीत तिसऱ्याला लागलं तर तो माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, हे २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट झालं आहे. लायसन्सचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ठरवलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. छोटा हत्ती त्याच्या कितीतरी खाली आहे. तपासनिसाला हे माहीत नसेल असं वाटत नाही.

अर्ज नागपूरलाच, सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असता तरी तुम्ही इथे राहता म्हणून इथेच चालला असता. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईंना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आणि "टक्केवारीवर केस घेतो" म्हणत दवाखान्याच्या दाराशी भेटणाऱ्यांना कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

मानेवाडाकर

ताई, काका, खूप आभार. मिसेसला वाचून दाखवलं. "पोळ्यांचे पैसे" म्हटल्यावर ती पहिल्यांदा नीट ऐकत बसली. पण आयटीआर नाही, दुकान नाही, बोर्ड नाही. १५,००० सिद्ध कसे करायचे? पोरं अर्धे पैसे फोनवर टाकतात, अर्धे रोख. आणि मेडिक्लेमने दिलेलं बिल दाव्यात धरायचं की नाही?

क्लेमवाले_काका

फोनवर टाकतात हेच तर सोनं आहे. बँकेचं स्टेटमेंट काढा, अपघाताआधीचं पूर्ण वर्षभराचं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरावीक रकमा येताना दिसतील, मग अपघातानंतर त्या कमी झालेल्या दिसतील. एवढं स्पष्ट आयटीआरमध्येही दिसत नाही. सोबत किराण्याची वही, व्हॉट्सअॅपवर उद्याचा डबा नको, परवाचा हवा असे मेसेज. त्यांचे स्क्रीनशॉट नकोत, मूळ फोन जपून ठेवा, मेसेज पुसू नका.

गिऱ्हाइकांपैकी दोघे साक्षीला यायला तयार आहेत का ते बघा. एखादं नोकरीवालं माणूस असलं तर उत्तम, कारण कॉलेजची पोरं केस उभी राहीपर्यंत गाव सोडून जातात.

पोळ्यावाल्या बाईचे ९,००० रोख देऊ नका. आजपासून खात्यावर. ती नोंद तुमच्या दाव्यातला सगळ्यात बोलका कागद आहे: जे काम वहिनी फुकट करत होत्या त्याला बाजारात किती पडतात ते दाखवतं. शिवाय घरचं काम आहेच. गृहिणीच्या कामाला पैशात मोल धरायचं असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात सांगितलं. वहिनी डबेही करतात आणि घरही चालवतात, तेव्हा दोन्ही लिहा.

मात्र आता घाईघाईने मागच्या तारखेची लायसन्सं, पावत्या बनवू नका. अन्न परवाना काढायचा तर आजच्या तारखेचा काढा. बनावट एक कागद सापडला की खरे दहा कागद पाण्यात, हे मी कंपनीच्या बाजूने बसून पाहिलं आहे.

मेडिक्लेमचं ताई सांगतील.

अॅडव्होकेट_सिव्हिल_लाइन्स

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. तुम्ही हप्ते भरले, त्याचा फायदा गाडीच्या विमा कंपनीला का? नागपूर खंडपीठ याच न्यायालयाचं, म्हणून इथेही तेच लागू. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांनी ठेवून घेतली असतील तर त्यांच्या शिक्क्याच्या प्रती आत्ताच मागून घ्या.

पारडीची_ताई

माझ्या भावाचं सांगते. तो हिंगणा एमआयडीसीत फिटर, हात मशीनवर नाही, रस्त्यावरच्या अपघातात गेला. सर्टिफिकेटवर ४० टक्के होतं म्हणून आम्ही खुश. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने डॉक्टरला एकच विचारलं, हे चाळीस टक्के हाताचे की पूर्ण शरीराचे? डॉक्टर म्हणाले हाताचे. मग पूर्ण शरीराचा आकडा बराच खाली आला. भाऊ फिटर असल्यामुळे कमाईचं नुकसान आमच्या वकिलाने पुन्हा वर ओढलं, पण तो दिवस घाम काढणारा होता. मानेवाडाकर दादा, सर्टिफिकेट हातात आल्याबरोबर ते वाचा आणि टक्का कशाचा हे डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या. आणि डॉक्टरला साक्षीला यावं लागतं. येणार का, ते ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला आधीच विचारून ठेवा. नाही म्हणणारे बरेच आहेत.

कोराडीचा_राजू

मधेच विचारतो, माफ करा. माझ्या चुलतभावाला गाडी ठोकून पळून गेली, नंबरच नाही. पाय मोडला. त्याला काही मिळतं का?

अॅडव्होकेट_सिव्हिल_लाइन्स

मिळतं, राजू. हिट अँड रनची वेगळी योजना आहे, कलम १६१. गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला २ लाख. अर्ज त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एफआयआर आणि दवाखान्याचे कागद लागतील. पण आधी पोलिसांना त्या रस्त्यावरच्या दुकानांचे सीसीटीव्ही बघायला लावा. फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं, आणि गाडी सापडली तर पूर्ण दावा करता येतो.

मानेवाडाकर, तुमच्यासाठीही हेच. चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज घेतलं का, ते तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. सोबत स्पॉट पंचनामा, गाडीचं आरसी, विमा, लायसन्स यांच्या प्रती मागा. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांना ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तुम्हाला त्यांच्या प्रती मिळायला हव्यात.

मानेवाडाकर

उद्या सकाळी आधी पोलीस स्टेशन, मग बँक. मालकाचा परत फोन आला होता, आता सत्तर म्हणतो.

क्लेमवाले_काका

वाढवतोय म्हणजे त्याच्या वकिलाने त्यालाही हिशेब सांगितलेला दिसतो. फोनवर हो-नाही काही बोलू नका, "वकिलाशी बोला" एवढंच. तडजोड करायचीच झाली तर दावा टाकल्यावर लोकअदालतीत, विमा कंपनीसोबत. पण तिथे मान्य केलेल्या रकमेवर अपील नसतं, तेव्हा वहिनींचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत तिकडे फिरकू नका.