मदत हवी आहे: जपानमध्ये उतरलेलं वजन पुण्यात परत चढतंय

नमस्कार मंडळी. मी 44 वर्षांचा. तीन वर्षं टोकियोत होतो. तिकडे 2008 पासून चाळिशीपुढच्यांची वार्षिक तपासणीत कंबर मोजतात, पुरुषांसाठी मर्यादा 85 सेंमी. माझी 91 भरली आणि सल्ल्यासाठी बोलावणं आलं.

मग तिथल्यांसारखं जेवू लागलो. वाटीभर भात, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), माशाचा एक तुकडा, थोडं लोणचं. सगळं एकदाच समोर येतं, मधे कोणी वाढायला येत नाही. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर तर जुनी माणसं 'हारा हाची बू' म्हणतात, म्हणजे पोट ऐंशी टक्के भरलं की थांबायचं. सात किलो उतरले, उपाशी न राहता.

परत येऊन आठ महिने झाले, पाच किलो चढले. आई पोळीवर तूप सोडते, मी हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून अर्धी पोळी ताटात सरकवते. "एवढ्याने काय होतंय रे?" नको म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, ते मला बघवत नाही. तिचं वाढणं हीच तिची माया आहे. (ओकिनावातही अमेरिकन खाणं आल्यावर तरुणांची वजनं वाढलीच, म्हणजे दोष रक्ताचा नाही, ताटाचा.)

मला वरण-भात, भाकरी, उसळ सोडायची नाही. परदेशातून परतलेल्या कोणी घरच्याच जेवणात प्रमाण कसं बसवलं? रात्री भात की भाकरी? आणि मुख्य म्हणजे, आईला न दुखवता थांबायचं कसं? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.